माझ्या टोपीवरचं दगडफूल

तुमचा विश्वास बसणार नाही, पण दोनशे माणसांचा बटणांचा कारखाना मी एकट्याने वाचवला. तोही खुर्चीवरून न उठता!

मी तिथला स्टोअरकीपर. स्टोअरच्या दारात, पत्र्याखाली माझी खुर्ची. एकोणीस वर्षं ती तिथेच आणि मी तिच्यात. मला खांब समजून एका चिमणीने दोनदा माझ्या खांद्यावर घरटं बांधायला घेतलं होतं!

एकदा मॅनेजरसाहेब हातात पत्र नाचवत आले. "मागच्या कॉलनीने तक्रार केलीय. म्हणे आपल्या धुरांड्याने हवा नासली! उद्या सकाळी तपासनीस बाई येणार. नापास झालो तर कारखान्याला टाळं!"

"मग यंत्रं घेऊन येतील हवा मोजायला."

"छे! इथे लिहिलंय, 'हवेच्या तपासणीसाठी कुंपणाची भिंत पाहण्यात येईल.'"

"भिंत?"

"भिंतच! हवेचा नि भिंतीचा काय संबंध, देव जाणे. पण बघायचीय ना त्यांना? मग लखलखली पाहिजे!"

"साहेब, माझ्यावर सोडा!" मी छाती फुगवली आणि बसल्या बसल्या हुकूम सोडायला लागलो.

भिंत म्हणजे म्हाताऱ्या हत्तीची पाठ! वर्षानुवर्षांचं दगडफूल, त्याच्या हिरवट-राखाडी खपल्या सगळीकडे चिकटलेल्या. मी स्टोअरमधले होते नव्हते ते तारेचे ब्रश वाटले. बॉयलरवाल्यांपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळे भिंतीवर तुटून पडले. संध्याकाळी भिंत अशी गुळगुळीत झाली, की साहेबांनी तिच्यात बघून भांग पाडला!

सकाळी बाई आल्या. यंत्र नाही, काही नाही, हातात फक्त एक भिंग. भिंतीला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या.

"इथे दगडफूल कसं नाही?"

"औषधालासुद्धा सापडायचं नाही, बाई!" साहेब खूश.

"एकही नाही?"

"हिंमत आहे का त्याची इथे उगवायची!"

बाईंचा चेहरा पडला. "अहो, दगडफुलाला मुळं नसतात. हवेत जे असेल ते त्याच्या पोटात जातं. हवेत विष असलं की सगळ्यात आधी तेच मरतं. ते सुखात तर आपण सुखात! आणि तुमच्याकडे औषधालाही नाही? बंद करा कारखाना!"

साहेब खडूसारखे पांढरे पडले. "होतं हो बाई! कालपर्यंत ढिगाने होतं! आम्हीच घासलं!"

"पकडले गेले की सगळे असंच म्हणतात," म्हणत बाईंनी पेन उघडलं.

दोनशे माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. तारेचे ब्रश अजून त्यांच्या हातातच होते, हे मला मुळीच आवडलं नाही. मी हळूच खुर्चीवरून उठायला लागलो.

"हलू नका!" बाई किंचाळल्या.

"बाई, एकोणीस वर्षं तेच करतोय!"

त्यांनी धावत येऊन माझ्या टोपीवरच्या हिरव्या डागाला भिंग लावलं. "अगंबाई! दगडफुलाच्या तीन जाती! आणि ही झालरीसारखी तर फार नाजूक, एवढासा धूर सोसत नाही! ही टोपी असते कुठे?"

"माझ्या डोक्यावर."

"आणि डोकं?"

"या खुर्चीत."

"कशावरून?"

"खरंय बाई!" दोनशे माणसं एका सुरात ओरडली. "आग लागली तरी उठत नाहीत ते!"

माझ्या आळसाला इतके प्रामाणिक साक्षीदार पहिल्यांदाच मिळत होते! बाईंनी तिथल्या तिथे 'हवा उत्तम' असं लिहून सही ठोकली. खुर्चीसकट मला खांद्यावर घेऊन कारखान्याभोवती तीन फेऱ्या झाल्या. तेही बेताने, टोपीला धक्का न लावता! दुसऱ्या दिवशी साहेबांनी फलक लावला: 'स्टोअरकीपरला कामासाठी कोणीही हलवू नये.'

ती टोपी आजही, हे लिहिताना, माझ्या डोक्यावर आहे. हिरवा डाग ज्याला बघायचा त्याने खुशाल येऊन बघावा!

...खांद्यावरून कुणीतरी वाचतंय. आमची मंडळीच!

"अहो, ही टोपी तुम्ही निवृत्त होऊन घरी बसलात तेव्हा मी विणली. आणि तो हिरवा डाग मागच्या महिन्यात मी खिडकी रंगवत होते तेव्हाचा. दहादा सांगितलं, खुर्ची बाजूला घ्या. हललात का?"