नामदेवभाऊंच्या कादंबऱ्यांचा शेवट

आमचे गोंडपिपरीचे शेजारी नामदेवभाऊ कोणत्याही कादंबरीतल्या नायिकेला मरू देत नाहीत. तिला क्षय होवो, सासू छळो, नाहीतर बॅरिस्टर प्रियकर विलायतेहून मडम घेऊन येवो. शेवटी ती वडिलांच्या घरी सुखाने जेवायला बसलेली असते.

मुलांनो, ही सोय वाळवीने केली. बंद पडलेल्या वाचनालयातून भाऊंनी शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेमाच्या नि घरगुती कादंबऱ्यांचं पोतं उचलून आणलं. बहुतेकींची शेवटची प्रकरणं वाळवीने फस्त केली होती.

उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया भाऊंच्या ओसरीवर विडीच्या तेंदूपानांचे पुडे बांधायला बसतात आणि भाऊ त्यांना वाचून दाखवतात. नायिका "प्राणनाथ, या अभागिनीस क्षमा करा" म्हणाली, की भाऊ चष्मा पुसतात.

"त्या ब्यारिस्टरले कामधंदा नाई का जी?" शेवंताबाई विचारते.

"तुले काय समजते? मोठ्या घरचं दुःख हाय ते."

पुस्तकाची पानं संपली तरी भाऊ ते तसंच समोर धरून पुढचं मनाने सांगतात. ते नेहमी एकच असतं. रुसलेला बाप स्वतः बैलगाडी जुंपतो आणि मुलीला आणायला जातो.

भाऊंची मुलगी सुजाता मुलचेऱ्याला असते. तिने बंगाली मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून भाऊ तिचं नाव काढत नाहीत.

यंदा नागपुरात मला त्यांतल्याच एका कादंबरीची अख्खी प्रत मिळाली. तुमचा गृहपाठ असो की कादंबरी, मला अर्धवट काही चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी ती भाऊंना दिली. त्यांनी उभ्याउभ्याच शेवट वाचला.

"बाप गेलाच नाई, बाई. पोरगी वाट पाहून पाहून मेली. लिहिणाऱ्याले अक्कल नाई."

दुपारी ओसरीवर त्यांनी तीच प्रत उघडली. शेवटचं प्रकरण समोर धडधडीत छापलेलं असताना बापाला बैलगाडी जुंपायला लावली.

शेवंताबाईने हातातला पुडा बांधून खाली ठेवला. "भाऊ, पुस्तकातला बाप दर उन्हाळ्यात जाते. तुमी कवा जाता?"

भाऊंनी पुस्तक मिटलं.

"मी गेलो अन् तिनं दार नाई उघडलं तं?"

"तं तिच्या ओसरीवर बसा. वाचाले पुस्तक न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघाले, तर भाऊ बसस्टँडवर उभे. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत आंबे. मुलचेऱ्याकडची गाडी समोर लागली होती आणि भाऊ चढत नव्हते. मला पाहून जवळ आले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "दारात गेल्यावर पयले काय म्हणू जी तिले?"