एका हाताने उचलता येणारा ट्रेलर

मी एखादं काम मनावर घेतलं की ते तडीस जातं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच मी काही मनावर घेतलं की सगळ्यांचे चेहरे पडतात!

त्या सोमवारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सहसा ती कुणाकडे काही मागत नाही.

"अरे, प्लॉटच्या मोजणीची तारीख मिळाली. गुरुवारी दोन वाजता. सहा महिने खेटे घातले तेव्हा कुठे मिळाली! शेजारच्याने कुंपणाचे खांब रस्त्याकडेला आणून टाकलेत, आणि माझ्या प्लॉटवर कंबरभर गवत. मोजणीवाले गवत बघून परत गेले, तर तो बिनधास्त माझ्या जागेत खांब ठोकेल. गवत कापायला कुणी माणूस बघशील का?"

"माणूस? ताई, मी काय मेलोय? मी आणि माझा ट्रॅक्टर येतो!"

माझा ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं धूड नव्हे. बागेतलं गवत कापायचा, गुडघ्याएवढा, पोटाखाली पाती असलेला गुणी प्राणी. बायको त्याला 'ठेंगू' म्हणते. अडचण एकच होती. प्लॉट अकरा किलोमीटरवर, आणि ठेंगूला मुंगीही मागे टाकते.

"टेम्पो सांगा ना भाड्याने," बायको म्हणाली.

"टेम्पो एका दिवसाचा, ट्रेलर जन्माचा!"

आता आमची गाडी. मागच्या सीटवर दोन पाहुणे बसले, तर चढावर एकाला उतरून ढकलावं लागतं. म्हणजे ट्रेलर हवा हलका. दोन दिवस मी वह्या भरल्या. ठेंगूची लांबी, रुंदी, वजन, गाडीच्या हुकची उंची! बुधवारी सकाळी आम्ही दोघं दुकानात हजर.

दुकानदाराने लोखंडी ट्रेलर दाखवला. "दणकट आहे, साहेब. नातवंडं वापरतील."

मी वाकून त्याची दांडी धरली आणि जोर लावला. ट्रेलर ढिम्म.

"साहेब, काय करताय?"

"उचलून बघतोय. हलका हवाय मला."

"अहो, ट्रेलर उचलायचा नसतो. ओढायचा असतो!"

त्याला काय कळतंय! मी एकेक ट्रेलर उचलत सुटलो. सातवा ॲल्युमिनिअमचा होता, पापडासारखा. मी एका हाताने त्याचं एक चाक चांगलं वीतभर उचललं आणि विजयी मुद्रेने बायकोकडे वळलो.

कंबरेत 'कट्' असा आवाज झाला.

"ट्रेलर मोडला का हो?" बायकोने विचारलं.

ट्रेलर शाबूत होता. उसण मला भरली होती. त्या क्षणापासून मी खांबासारखा ताठ झालो. वाकता येईना, वळता येईना, मान फिरवायची तर पायांसकट अख्खं फिरावं लागे. पण माघार? छे! "हाच द्या," मी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालो. दुकानदार माझ्या मागे उभा होता.

गुरुवारी सकाळी ट्रेलर गाडीला जोडला, मागे दोन फळ्या लावल्या. मी ताठ्यानेच ठेंगूवर चढलो आणि त्याला फळ्यांवर घातलं. पुढची चाकं ट्रेलरवर आली मात्र, मागची बाजू खाली दबली, पुढची दांडी वर उठली आणि दांडीबरोबर आमच्या गाडीचं बूडही वर उठलं!

"अहो, गाडी नमस्कार घालतेय!" बायको ओरडली.

"तू डिकीत बस!"

"काय?"

"वजन हवंय मागे! लवकर बस!"

"माझं वजन दिसलं बरं आज तुम्हाला!" असं म्हणत ती डिकीत बसली. गाडी जमिनीवर आली, ठेंगू सर्रकन पुढे सरकला, तोल सावरला. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको डिकीतून उतरली आणि तरातरा घरात निघून गेली. पाच मिनिटांनी दोर घेऊन बाहेर आली, माझ्याकडे न बघता तिने ठेंगूला घट्ट बांधलं आणि स्टिअरिंगवर बसली.

"तुमची मान वळत नाही. मी चालवते."

अकरा किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागला. वाटेत एक सायकलवाला बराच वेळ आमच्याबरोबर गप्पा मारत होता. शेवटी तो कंटाळून पुढे गेला.

बारा वाजता पोचलो. ताई अजून आली नव्हती. दोन प्लॉट शेजारी शेजारी, दोन्हींत सारखंच गवत.

"कुठला हो आपला?" बायकोने विचारलं.

"डावीकडचा!" मी छातीठोकपणे सांगितलं. वाकताच येत नव्हतं, त्यामुळे छाती तशीही पुढेच होती. बायको पाणी प्यायला आणि सावलीत टेकायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि मी कामाला लागलो.

काय कापलं म्हणून सांगू! घामाच्या धारा, कंबरेत कळा, पण ठेंगू थांबला नाही. थोड्या वेळाने पलीकडच्या गवतात ताई दिसली. दोन्ही हात हलवून ती काहीतरी ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार? बहिणीला भरून आलंय, असं वाटून मीही हात हलवला आणि वेग वाढवला. ती आणखी जोरात हात हलवू लागली. मीही!

पावणेदोनला शेवटची पट्टी कापून मी इंजिन बंद केलं. आता कुठे ताईचा आवाज कानावर पडला.

"...माझा नाही रे तो! हा माझा, हा!"

ती कंबरभर गवतात उभी होती. आवाज पार बसला होता.

घाईघाईने मी पुन्हा किल्ली फिरवली. ठेंगूचं पेट्रोल संपलं होतं. तेवढ्यात मोजणीवाल्यांची जीप आली, मागोमाग बायकोही.

मी हात जोडले. "साहेब, चूक माझी आहे. परत जाऊ नका. तासाभरात गवत काढतो. हाताने उपटतो!"

मोजणीवाल्यांनी ताईचा प्लॉट पाहिला, माझा ट्रॅक्टर पाहिला, पापडासारखा ट्रेलर पाहिला. मग पिशवीतून विळा काढला.

"एवढं सगळं कशाला आणलंत? आम्हाला चार कोपऱ्यांचे दगड दिसले की झालं!"

वीस मिनिटांत चारही दगड मोकळे झाले. साखळी लागली, आकडे पडले. ताई श्वास रोखून उभी होती, मी ताठ उभा होतो. शेवटी साहेबांनी मी कापलेल्या गवताच्या कडेपासून हातभर आत चुन्याची रेघ मारली.

"बाई, तुमची हद्द इथपर्यंत येते. शेजाऱ्यांना खांब या रेघेपलीकडे ठोकायला सांगा."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने माझ्या पाठीवर थोपटलं. मी कळवळलो, पण सुखावलो. म्हणजे बघा, बहिणीच्या प्लॉटवरचं गवत मी कापलंच की!

चांगलं हातभर रुंद.