काकासाहेबांची अस्सल घोंगडी

"खरं-खोटं ओळखायला नजर लागते, द्वारका! आणि ती माझ्याकडे आहे!"

सिडकोतल्या घरी काकासाहेबांनी हे जाहीर केलं, तेव्हा बायकोने चहा गाळता गाळता त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

पाहणारच! मागच्या दिवाळीत त्यांनी सासूबाईंना, म्हणजे फुलंब्रीच्या मनकर्णाबाईंना, हिमरू शाल दिली होती. "हातमागाची! जगात अशी एकच!" असं चारचौघांत सांगून. सासूबाई ती पांघरून हळदीकुंकवाला गेल्या, तर तिथं आणखी तिघींच्या अंगावर तीच शाल! कोपऱ्यातलं वाकडं फूलसुद्धा तेच! तेव्हापासून जावयाने काहीही आणलं, की मनकर्णाबाई ते उलटंपालटं करून बघायच्या. काकासाहेबांना ते फार लागायचं. माणूस मनाने चांगला होता हो, सासूवर जीव होता त्यांचा.

आता सासूबाईंची पंच्याहत्तरी आली. लहानपणी वडिलांच्या घोंगडीत शिरलं की थंडी कुठल्या कुठं पळायची, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. काकासाहेबांनी ते मनात धरलं. दुकान नको, प्रदर्शन नको! सरळ कन्नडचा आठवडी बाजार गाठला. तिथं मेंढ्या राखणारी बानाबाई घोंगड्या घेऊन बसली होती. लोकर तिने कातलेली, विणलेली तिच्या नवऱ्याने.

"मशीनची तर नाही ना?" काकासाहेबांनी भुवया ताणल्या.

"आमच्या वस्तीवर लाईट नाय वो साहेब, मशीन कशावर चालवू?"

"पण पुरावा काय?"

"पावसात घेऊन उभं ऱ्हावा. पानी आत येत नाय. पर ही नवी हाय, चिंचोक्याची खळ लई लावलीया हिला. आधी अंगावर घ्या, खळ झडू द्या, मंग..."

'पानी आत येत नाय' एवढं ऐकून काकासाहेब घोंगडी काखोटीला मारून बसस्टँडकडे निघालेसुद्धा!

पंच्याहत्तरीला फुलंब्रीचं घर पाहुण्यांनी गच्च भरलं. सासूबाईंना खुर्चीवर बसवून औक्षण झालं. काकासाहेबांनी घोंगडी सासूबाईंच्या खांद्यावर घातली. खळीने ती इतकी ताठ, की पत्र्यासारखी उभीच राहिली! मनकर्णाबाईंनी तिचा काठ उलटा करून पाहिला, नाकाशी नेला, आणि मान खाली घालून गप्प बसल्या.

काकासाहेब पाहतच होते. झालं! पुन्हा शंका!

"थांबा! आत्ता सिद्ध करतो! तांब्या आणा!"

"अहो, नको!" द्वारका ओरडली. पण काकासाहेबांनी भरला तांब्या सासूच्या खांद्यावर उपडा केला!

पाणी टपाटपा घरंगळलं. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. काकासाहेब मिशीला पीळ देतात न देतात, तोच खळ विरघळायला लागली. घोंगडी चिकट झाली. घोंगडीला नवी साडी चिकटली, साडीला खुर्चीची गादी चिकटली.

"आरं देवा! उठवत नाय मला!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

द्वारकाने एका हाताला धरून ओढलं, काकासाहेबांनी दुसऱ्या. सासूबाई उठल्या, पण गादीसकट! औक्षणाच्या फुलांच्या पाकळ्या वरून जाऊन बसल्या त्या वेगळ्याच. पाहुणे तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसत होते. काकासाहेबांना वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं.

मनकर्णाबाईंनी चिकट बोटं पुन्हा नाकाशी नेली. त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या बापाच्या घोंगडीला अस्साच वास यायचा," त्या म्हणाल्या.

काकासाहेबांची छाती लगेच फुगली. "म्हणजे अस्सल आहे! पटलं ना आता?"

"आता?" सासूबाईंनी पदराला चिकटलेली पाकळी ओढून काढली. "जावईबापू, काठ नाकाशी नेला तवाच वासावरून पटलं व्हतं. मी आपली रडू आवरत गप बसले व्हते. तुमी पानी कशापायी वतलं?"