खुशालरावांचा होकार अडकला!

अकोटचे खुशालराव सत्तरी ओलांडलेले, पण कोणी म्हातारा म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही! नातवासाठी, नितेशसाठी, पोरगी पाहायला सगळे अमरावतीला निघाले, तेव्हा गोदाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "अवो, खातानी घोट घोट पाणी पेत जा. तोंड सुकते तुमचं."

"पाणी बुड्ढे पेतात! मी लोखंड चावून खाईन!"

त्यांच्या घरची रीत अशी, की वडीलधाऱ्यानं आधी गोड खायचं आणि मग सगळ्यांदेखत होकार द्यायचा. नितेशला आकांक्षा फोटोतच आवडली होती. आता अडलं होतं ते फक्त आबाजींच्या, म्हणजे खुशालरावांच्या, एका शब्दावर.

बोलणी झकास झाली. खुशालरावांनी खुशीत अख्खा बेसनाचा लाडू तोंडात टाकला. आणि बसला की तो टाळूला चिकटून! ना पुढे, ना मागे!

"मंग खुशालरावजी, पोरगी पसंत?" आकांक्षाच्या वडिलांनी, ओमप्रकाशजींनी, विचारलं.

"ऊंऽऽ!" खुशालरावांनी पाण्यासाठी हात हलवला.

"नाई म्हणता? काहून? काय कमी हाय आमच्या पोरीत?"

खुशालरावांनी घाबरून जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं.

"रडूनच राहिले बाप्पा! कोणं तरी कान भरले यायचे!" ओमप्रकाशजी उसळले.

"आबाजी, असं नका करू ना!" नितेश रडकुंडीला आला.

तेवढ्यात आकांक्षाच पाण्याचा ग्लास घेऊन धावली. "बाबा, थांबा! तोंड कोरडं पडलं त्यायचं. मी विद्यापीठात याच्यावरच तर संशोधन करून राहिली. घास तोंडात गेला की मेंदू लाळेच्या ग्रंथीले निरोप धाडते. पण वय झालं की पेशीच्या आत तो निरोप नीट पुढं सरकत नाही. मंग लाळ कमी सुटते."

खुशालराव घटाघटा पाणी प्याले, लाडू एकदाचा सुटला. "म्हंजे सरकारी हापिसावानी! अर्ज पोचते, पण टेबलावरून हालत नाई!" वय हा शब्द त्यांना झोंबला होता, पण पोरगी लाखात एक होती. "पसंत! हजारदा पसंत!"

गोदाबाईंनी देवाला हात जोडले. ओमप्रकाशजींनी नितेशला मिठीच मारली!

"पण मले कुठं कोणं विचारलं?" आकांक्षा म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा नितेशकडे वळल्या. नितेशनं बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

खुशालरावांनी उरलेलं पाणी हळूच त्याच्याकडे सरकवलं. "पे बाप्पा. तोंड सुकाले वय लागत नाई."