बारा डोळे आणि एक आरसा

आमच्या वसाहतीतील हरिश्चंद्र म्हात्रे रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बिनचालकाच्या गाडीसमोर उभे राहतात आणि तिची झडती घेतात. काखेत बंद छत्री असते. प्रथम दिवे पाहतात, मग काच, मग वाकून पुढची चाके. गाडी नम्र आवाजात सांगते, "कृपया मार्गातून बाजूला व्हा." म्हात्रे उत्तर देतात, "व्हतो, व्हतो. जरा दम धर."

यंत्राशी असे बोलणारा मनुष्य मी पूर्वी पाहिला नव्हता. मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो आहे. जे दिसते ते टिपून ठेवण्याची सवय सुटलेली नाही. म्हात्र्यांनाही मी टिपू लागलो.

नायगाव पूर्वेच्या आमच्या वसाहतीत ही गाडी एका कंपनीने चाचणीसाठी आणली आहे. आठ आसने, विजेवर चालणारी. खाडीकडच्या इमारतींपासून मुख्य फाटकापर्यंत जाते. तेथे शहराची बस मिळते. तिला स्टिअरिंग नाही, चालकाचे आसन नाही. अंगभर बारा कॅमेरे आहेत. थांब्यावर दार अर्धा मिनिट उघडे राहते, मग गाडी निघते. समोर काही आले तर मात्र दारही मिटत नाही आणि गाडीही हलत नाही. कुत्रा असो, उडत आलेली पिशवी असो, किंवा म्हात्रे असोत.

म्हात्रे इथलेच. जेथे आमचे टॉवर आहेत तेथे त्यांच्या घराण्याची भातखाचरे होती. त्यांनी एकतीस वर्षे सरकारी लाल गाडी चालवली. पत्नी वारली, मुलगा परगावी. माझ्या इमारतीच्या समोर पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. नव्या गाडीविषयी त्यांचे मत एकच, आणि ते भाजीवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना ऐकवून झाले आहे: "हिला डोले बारा, पन आरसा एक नाय."

कॅमेऱ्यांना मागचेही दिसते, हे मी त्यांना एकदा समजावले.

"दिसत असंल. पन बगून ते करतात काय?"

"नोंद करतात."

"नोंद," म्हात्रे म्हणाले आणि चाक दाबून पाहू लागले.

दसऱ्याला तर त्यांनी कहर केला. वाहन आहे म्हणजे पूजा हवी, असे म्हणून पहाटेच गाडीच्या कपाळावर झेंडूचा जाड हार चढवला. त्याखाली तिचा मुख्य कॅमेरा झाकला गेला. "मार्गात अडथळा आहे" असे घोकत गाडी दुपारपर्यंत जागची हलली नाही. शेवटी कंपनीच्या अभियंता, सावंतबाई, धावत आल्या.

"काका, तिला काहीच दिसत नव्हतं हो."

"नवी नवरी हाय. मुंडावल्या बांदल्यावर कुनाला दिसतं?"

सावंतबाई हसल्या. कंपनी हसली नाही. तिचे पत्र आले: सकाळच्या फेरीस रोज अडथळा होत असल्याची नोंद आहे, तो न थांबल्यास गाडी अन्य वसाहतीत हलवली जाईल.

वसाहत समितीचा अध्यक्ष मी. गाडी जाणे मला परवडणारे नव्हते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फाटकापाशी व्यायामोपचारासाठी मला रोज सव्वानऊला जावे लागते, आणि तेवढे अंतर पायी जाणे डॉक्टरांनी बंद केले आहे. शिवाय गाडीविषयी मला आदर होता. इतरांच्या तोंडावर तिचे दार मिटत असे. मी दिसलो की ती थांबून असे. अभिप्रायवहीत मी लिहिलेही होते, "ही गाडी वृद्धांची चाल ओळखते."

नोटीस मीच लिहिली आणि मीच नेऊन दिली. गाडीच्या मार्गात कोणीही उभे राहू नये. म्हात्र्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली, खिशात ठेवली.

"बरं, साहेब." मग विचारले, "गुडघा कसा हाय आता?"

विषयांतर मला आवडत नाही. मी काठी टेकत परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी खाली उतरलो. थांबा दहा पावलांवर असताना दार मिटले आणि गाडी निघून गेली. म्हात्रे पदपथावर उभे होते, नियमाप्रमाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशीही तेच घडले.

मी सावंतबाईंना फोन केला. गाडीने मला ओळखणे का सोडले, असे विचारले.

"ती कोणालाच ओळखत नाही, काका." त्यांनी जुनी नोंद काढली. "हे बघा, रोज अडथळा दूर होतो आणि त्याच क्षणी दार मिटतं. आत चढलेला शेवटचा प्रवासी प्रत्येक वेळी तुम्हीच आहात."

संध्याकाळी मी म्हात्र्यांकडे गेलो. त्यांच्या गॅलरीतून माझ्या इमारतीचे दार सरळ दिसते. तेथे एक खुर्ची होती. एकच.

"मला सांगितले का नाही?"

"सांगायचं काय त्यात? आरशात मानूस दिसला की ड्रायव्हर थांबतो. तुमी दारातून निगाला की मी खाली येतो."

"तुम्ही स्वतः त्या गाडीत कधी बसलेले दिसला नाहीत."

"जायाचं कुठं?" ते म्हणाले.

मी घरी येऊन नोटीस रद्द केली व नवा ठराव लिहिला. सकाळच्या फेरीपूर्वी गाडीची तपासणी करण्याचे काम श्री. म्हात्रे यांच्याकडे राहील. तपासणीस आवश्यक तेवढा वेळ द्यावा. सावंतबाईंनी तो कंपनीकडून मान्य करून आणला. अडथळ्याच्या रकान्यात आता काही नसते. गाडी राहिली.

आज गुडघा अधिक दुखत होता. मी थांब्यावर पोहोचलो तेव्हा म्हात्रे पुढच्या चाकापाशी वाकलेले होते. ठरावाची प्रत खिशातून डोकावत होती.

"साहेब, या चाकात हवा जरा कमी वाटते. बगतोय."

चढता चढता मी काठीने चाक दाबून पाहिले. हवा पुरेशी होती. मी त्यांना तसे सांगितले नाही.