टेकडी आळीच्या वीस कमानी

एका जंगलात, मुलांनो, एके वर्षी मोह फुललाच नाही.

मोह फुलला नाही म्हणून अस्वलांनी हात आखडता घेतला. अस्वलांनी घेतला म्हणून माकडांनी घेतला. शेवटी ज्यांना हातच नव्हते, त्यांनीही आखडता घेतला. याला मोठी माणसं मंदी म्हणतात.

मंदीचा पहिला फटका टेकडी आळीला बसला. तिथे वीस नवी बिळं खणायला घेतली होती. खणणाऱ्यांना रोज पोटभर कंद लागत. कंद आटले, तशी बिळं अर्धीच राहिली. त्यांत कोणाला झोपता येत नव्हतं, पडता मात्र येत होतं.

आळीच्या तोंडाशी पहिलं अर्धं बीळ होतं ते शलाकाचं. शलाका म्हणजे साळिंदराची तरुण मुलगी. ती शिकलेली होती, खणण्यात तरबेज होती आणि तिला राग आला की पाठीवरचे काटे आपोआप उभे राहत. त्या वर्षी ते फारसे खाली बसलेच नाहीत.

तिची आई करवंदीच्या जाळीखाली राहत होती. मागच्या थंडीत तिला धरलेला खोकला अजून सुटला नव्हता.

"शला, थंडीच्या आत होईल का गं बीळ?" आई विचारायची.

"होईल," शलाका म्हणायची. थंडी दीड महिन्यावर आली होती. म्हणून ती एके सकाळी जंगलपालिकेत गेली.

जंगलपालिकेत गृहनिर्माण समितीची बैठक चालली होती. समितीत तीन ज्येष्ठ सभासद होते. अध्यक्ष होते तात्या कासव. ते जन्मले तेच पाठीवर घर घेऊन. मुख्याधिकारी होते घुबडसाहेब. त्यांची ढोली सुतारपक्ष्याने कोरली होती, आणि सुतारपक्षी कुठे गेला हे विचारायची पद्धत नव्हती. तिसरे होते नागोबाशेठ. त्यांचा घरांचा अनुभव दांडगा होता. ते आजवर सतरा बिळांत राहिले होते.

"तात्या," शलाका म्हणाली, "पालिकेच्या कोठारात कंद पडून आहेत. महिनाभर आम्हाला खायला घाला. वीसच्या वीस बिळं पुरी करून देते."

तात्यांनी मान बाहेर काढली. त्याला थोडा वेळ लागला.

"पोरी, आमच्या वेळी असं मागत नव्हते कोणी. घर म्हणजे काय असतं? आपलं आपण वाहायचं असतं. मी बघ, एकशे दहा वर्षं वाहतोय. कधी तक्रार केली?"

"तात्या, ते तुम्हाला चिकटलेलं आहे!"

"काटे खाली ठेवून बोलायचं," घुबडसाहेब डोळे मिटूनच म्हणाले.

मग समितीने चर्चा केली. मंदीत आळीच्या पाठीशी उभं राहिलंच पाहिजे, यावर एकमत झालं. टेकडी आळी आधार योजना मंजूर झाली. वीस बिळांचं काम अनुभवी माणसाकडे द्यावं, असं ठरलं. अनुभवी माणूस खोलीत एकच होता.

"शेठ, तुम्ही आजवर बिळं खणलीत किती?" शलाकाने विचारलं.

"मुली, खणणारे पुष्कळ मिळतात," नागोबाशेठ मऊ आवाजात म्हणाले. "राहायचं कसं, ते कळणारे थोडे."

कोठारातले कंद नागोबाशेठच्या दारी जाऊ लागले. आता मुलांनो, तुम्ही म्हणाल, नाग कुठे कंद खातो? बरोबर आहे. नाग कंद खात नाही. पण कंदांच्या वासाने जे उंदीर येतात, ते खातो. मंदीत शेठ चांगले बाळसेदार झाले. बिळं होती तिथेच राहिली.

आळीला काहीच मिळालं नाही असं मात्र नाही. आळीच्या तोंडाशी एक स्वागत कमान मंजूर झाली. वर मोठ्या अक्षरांत 'टेकडी आळी आपले सहर्ष स्वागत करीत आहे', आणि त्याहून मोठ्या अक्षरांत 'संकल्पना : तात्या'.

कमान हे पालिकेचं स्वतःचं काम. त्यामुळे खांबांचे खड्डे खणणाऱ्याला कोठारातून पोटभर कंद मिळणार होते. शलाका आणि धोंडू खवल्या या दोघांना काम लागलं. धोंडू खवले मांजर होता. तो कमी बोलायचा आणि बोलला की जांभई द्यायचा.

"स्वागत कोणाचं करायचं गं?" तो म्हणाला. "इथे राहायला कोणी नाही."

"तू हुकूम वाच."

धोंडूने पान उलगडलं. "खांबाचा खड्डा पुरेसा खोल असावा. पुरेसा म्हणजे किती?"

शलाकाने आधी आपल्या अर्ध्या बिळाकडे पाहिलं. ते खांबाच्या जागेपासून दोन पावलांवर होतं. मग तिने करवंदीच्या जाळीकडे पाहिलं. आई खोकत होती.

"थंडी आत येणार नाही इतका," ती म्हणाली.

धोंडूने जांभई अर्ध्यात सोडली.

चार दिवसांत दोन खड्डे झाले. कमान उभी राहिली. खालून दोन्ही खड्डे एकमेकांना मिळाले होते आणि अर्ध्या बिळालाही मिळाले होते. दोन दारांचं ऐसपैस घर झालं होतं. पालिकेच्या वहीत मात्र 'खड्डे, दोन' एवढीच नोंद झाली.

"एकाचं झालं," धोंडू म्हणाला. "एकोणीस राहिली. त्यात माझंही आहे म्हटलं."

शलाका पुन्हा पालिकेत गेली. या वेळी तिने काटे इतके चापून बसवले की ती सशासारखी दिसत होती.

"तात्या, माझं चुकलंच त्या दिवशी," ती म्हणाली. हे म्हणताना तिचे दात दुखले. "कमान काय झालीय! पण तात्या, एकाच कमानीने कसं भागेल? आत शिरलं की तुमचं नाव मागे पडतं. प्रत्येक दाराशी एक हवी."

तात्यांचे डोळे पाणावले.

"साहेब, ऐकलंत? तरुण पिढी सुधारतेय."

"पण कंद शेठना दिलेत," घुबडसाहेब म्हणाले. "बिळांसाठी."

तात्यांनी बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "शेठच्या बिळांवर माझं नाव कुठे येणार?"

बिळाला नाव लावायला जागा नसते, हे समितीच्या प्रथमच लक्षात आलं. त्याच दिवशी कंदांची वाट वळली. नागोबाशेठ फूत्कारले, पण अध्यक्षांच्या नावापुढे कोणाचं चालतं?

महिन्याभरात टेकडी आळीत वीस कमानी उभ्या राहिल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटे, की या आळीत रोज लग्न आहे. खाली चाळीस खड्डे पुरेसे खोल गेले होते.

तात्या उद्घाटनाला निघाले. दिवसाला एक कमान, हा त्यांचा वेग. आळीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून विसाव्या दिवशी ते पहिल्या कमानीशी आले. फितीऐवजी बांधलेली तिची वेल तेवढी कापायची राहिली होती. त्या सकाळी कडाक्याची थंडी पडली होती.

वेल कापताना तात्यांनी वाकून पाहिलं. "हा खड्डा जरा मोठाच दिसतो."

आतून आवाज आला. "या ना तात्या, आत या. मस्त ऊब आहे."

तो शलाकाच्या आईचा आवाज होता. त्यात खोकला नव्हता.

घुबडसाहेबांनी चक्क दोन्ही डोळे उघडले. नागोबाशेठ सरसरत पुढे झाले. धोंडूने खवले मिटून स्वतःचा चेंडू करून घेतला. आता खड्डे बुजवायचा हुकूम निघणार, हे त्याला कळून चुकलं.

"खांबाच्या खड्ड्यात ही बाई काय करतेय?" तात्या म्हणाले.

शलाकाच्या पाठीवरचा एकेक काटा उठू पाहत होता. तिने तो एकेक करून बसवला.

"खांब धरून बसलीय, तात्या. वारा फार सुटलाय. तुमचं नाव पडू नये म्हणून."

तात्यांनी मान पूर्ण बाहेर काढून वरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"साहेब, लिहून घ्या," ते म्हणाले. "प्रत्येक कमानीखाली एकेक कुटुंब कायमचं नेमावं. पिढ्यान्‌पिढ्या. खांब सोडून कोणीही कुठे जायचं नाही."

नागोबाशेठ तेवढ्यात हळूच खड्ड्यात डोकावले. आईने त्यांच्याकडे पाठ फिरवली. साळिंदराची पाठ ती. शेठ लगेच बाहेर आले आणि म्हणाले, "उताराची जागा. आपल्याला मानवत नाही."

पुढे पालिकेच्या अहवालात छापून आलं, की टेकडी आळीत घरांचा प्रश्न कधी नव्हताच, प्रश्न कमानींचा होता, आणि तो मंदीतही सोडवण्यात आला. नागोबाशेठना मार्गदर्शनाबद्दल शाल आणि श्रीफळ देण्यात आलं.

तात्पर्य : मुलांनो, वडीलधाऱ्यांकडे घर मागू नये. ते उपदेश देतात. त्यांच्याकडे कमान मागावी, आणि खड्डा आपल्या मापाचा खणावा.