गावतळ्यावरील पाणमांजराची हकीकत

श्री. जे पाण्यात राहतात, जे काठी राहतात आणि जे काठी उभे राहोन नुसते पाहतात, त्या सर्वांस नमस्कार करोन लेखनास हात घातला आहे. शालिवाहन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मास. राज्य कोणाचे आणि नगर कोणते ते लिहिण्याची आज्ञा नाही. इतके जाणावे की नगराचे उत्तरेस गावतळे होते, त्यात पाणी बेताचे, चिखल पुष्कळ आणि काठी पाणकणीस दाट माजलेले, आणि बांधकाम सभापती त्र्यंबकशेट भोगले यांची त्या तळ्यावर नजर बसली. त्यांचे मनी आले की तळे बुजवावे आणि तेथे मोटारी उभ्या करावयाचा तळ बांधावा. मग त्यांनी दरबारात, म्हणजे नगरपरिषदेचे सभेत, उभे राहोन अर्ज केला की, "हे तळं मेलेलं आहे. डासांखेरीज त्यात कोणी राहत नाही." आणि नगराध्यक्ष दौलतराव, जे त्या राज्याचे धनी, यांनी मान डोलाविली, आणि मुरुमाचे डंपर तळ्याचे पश्चिम कोपऱ्यात येऊन रिते होऊ लागले.

त्या नगरात कालिंदीबाई शेटे म्हणोन पिठाच्या गिरणीच्या मालकीण होत्या. यजमान निवर्तल्यापासोन गिरणी त्यांनीच चालविली, आणि पट्ट्याचे धडधडीत उभे राहोन राहोन त्यांचे कान मंद जाहले. समोरचा बोले ते ऐकू येई, परंतु पाखराची शीळ कित्येक वर्षे कानी पडली नव्हती. तरी गिरणी उघडण्याआधी तळ्यास फेरी मारण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. त्र्यंबकशेटांचा अर्ज कळला तेव्हा बाईंनी पदराचे पीठ झटकले आणि म्हणाल्या, "मेलेलं? अहो, रोज बघते मी तिथं काय काय हलतंय ते. मला नावं येत नाहीत, एवढंच." हे ऐकोन त्यांचे धाकटे दीर मुकुंदराव पुढे जाहले. मुकुंदरावांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता, परंतु लोक आपले फोटो आपणच काढू लागले आणि स्टुडिओस कुलूप पडले. त्यांनी वहिनींचे मोबाईलात एक ॲप घालोन दिले आणि समजावोन सांगितले की, दिसेल त्या जिवाचा फोटो काढावा, ठिकाण आणि वेळ आपोआप लागते, ॲप नाव सुचविते, आणि मग दूरदूरचे जाणते लोक तो फोटो पाहोन नाव खरे की चुकीचे ते ठरवितात, आणि नोंद सर्वांस उघड राहते. बाई म्हणाल्या, "म्हणजे कोणीही बघू शकतो? त्र्यंबकशेटसुद्धा?" मुकुंदराव म्हणाले, "शेटसुद्धा." बाई म्हणाल्या, "मग झालं तर."

आणि मोहीम सुरू जाहली. बाईंनी गिरणीवर हुकूम जारी केला की ज्याने दळण टाकिले त्याने तळ्यावर जावे, एक जीव मोबाईलात घेऊन यावा आणि मगच पिठाचा डबा न्यावा. प्रथम लोक हसले, मग कुरकुरले, मग जाऊ लागले. सुनांनी खंड्या आणिला, पेन्शनरांनी वंचक बगळा आणिला, शाळामास्तरांनी हळदीकुंकू बदकाची जोडी आणिली, आणि एका आजीबाईंनी लाल चतुर असा सुरेख टिपिला की त्या आठवडाभर ज्याला त्याला तोच दाखवीत फिरल्या. चुकाही जाहल्या. चिखलात रुतलेल्या चपलेस ॲपाने कासव ठरविले, तेव्हा बाईंनी चप्पल स्वहस्ते उपसली आणि नोंद काढोन टाकिली. त्या म्हणत, "जे नाही ते लिहायचं नाही. नाहीतर आपल्यात आणि शेटांत फरक काय?"

परंतु त्र्यंबकशेटांनी या नोंदी पाहिल्या आणि सभेत बोलिले की, "बेडूक न् बगळे कुठल्याही डबक्यात असतात. यात अपूर्व काय आहे?" आणि दौलतरावांनी पुन्हा मान डोलाविली, आणि डंपर दुप्पट येऊ लागले. नगरात निराशा पसरली. तोच एके सकाळी ॲपावर मुकुंदरावांचे नावे नोंद आली की गावतळ्यात पाणमांजर दिसले! फोटो असा की मिशांवरचे थेंब मोजावे. जाणत्यांनी पाहिले आणि पाणमांजरच होय ऐसा कौल दिला. मग काय विचारता, लोकांनी पेढे वाटिले, चौकात फलक लागला, वर्तमानपत्री छापोन आले, आणि त्र्यंबकशेटांचा चेहरा उतरला. दुर्मिळ जीव राहतो तेथे मुरूम कोण टाकील?

कालिंदीबाईंनीही पेढा खाल्ला. मग त्यांनी फोटो बोटांनी मोठा करोन पाहिला, आणि पुन्हा पाहिला, आणि उठोन स्टुडिओत गेल्या. मुकुंदराव भिंगे पुशीत बसले होते.

"भावोजी, आपल्या तळ्यात कातळ कुठं आहे हो?"

मुकुंदराव भिंग पुशीतच राहिले.

"ह्याच्या मागं काळा कातळ आहे आणि वरून पाणी पांढरं होऊन पडतंय. आपलं पाणी कधी वाहिलंय का?"

तेव्हा मुकुंदराव खाली पाहोन म्हणाले, "फोटो माझाच आहे, वहिनी. गेल्या साली घाटाखालच्या नदीवर काढलेला. फक्त जागा बदलली."

"फक्त?"

"दादानं मला त्या तळ्यात पोहायला शिकवलं. त्यात मुरूम पडताना बघवत नाही मला. तळं वाचलं की मी स्वतः काढून टाकीन."

दादा म्हणजे बाईंचे निवर्तलेले यजमान. बाईंस ठाऊक होते की गप्प बसले तर तळे वाचते. मग त्या म्हणाल्या, "ते असते तर तुमच्या कानाखाली वाजवली असती. काढा तो."

"नाही काढणार."

"मग मी लिहिते."

आणि बाईंनी तेथेच उभे राहोन त्या नोंदीखाली आपले नावानिशी लिहिले की, "हे ठिकाण गावतळे नव्हे. मी तेथे रोज जाते. येथे पाणमांजर नाही." मुकुंदराव उठोन आत गेले आणि त्यांनी दार लावोन घेतले.

पुढे जो प्रसंग गुदरला तो कठीण. नगर बाईंवर उलटले. लोक म्हणाले, आलेला डाव बाईने घालविला. कोणी तोंडावर बोलिले, कोणी मागे बोलिले, आणि सर्वांनी दळण दुसरे गिरणीत नेले. बाईंचा पट्टा थांबला. इतकी शांतता त्या घरात कधी नव्हती, आणि बाईंस ती शांतताही नीट ऐकू येत नव्हती. परंतु सकाळची फेरी त्यांनी सोडिली नाही. एकट्या जात, चिखलात उभ्या राहत, जे दिसे ते टिपीत.

भाद्रपदात सभा भरली. त्र्यंबकशेट गर्जोन म्हणाले, "एक नोंद खोटी निघाली, म्हणजे सगळ्याच खोट्या!" कालिंदीबाई मागले बाकावरोन उठल्या आणि बोलिल्या, "एक खोटी होती, ते मी सांगितलं, शेट. तुम्ही नाही पकडलीत." मग बाई नगराध्यक्षांकडे वळोन म्हणाल्या, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या सकाळी तुम्ही स्वतः या. मोबाईल तुमचा, ॲप तुमच्या मोबाईलवर, डोळे तुमचे. काही दिसलं नाही तर मी पुन्हा तळ्याचं नाव काढणार नाही." दौलतरावांस हे बोलणे मानवले आणि त्यांनी येण्याचे वचन दिले.

दुसरे दिवशी सकाळी स्वारी तळ्यावर आली. दौलतराव पुढे, त्र्यंबकशेट छत्री घेऊन शेजारी, मागे सभासद आणि त्यामागे निम्मे नगर. परंतु डंपरांचे आवाजाने पाखरे बुजोन पाणकणसात शिरली होती, वर भुरभुर पाऊस. एक कावळा आला. दौलतरावांनी त्याचा फोटो काढिला, ॲपाने त्यास कावळा म्हटले, आणि लोक हसले. त्र्यंबकशेट म्हणाले, "चला साहेब, चहा घेऊ." कालिंदीबाई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. त्यांनी मागे वळोन पाहिले नाही. म्हणाल्या, "अजून थोडं थांबा."

इतकियात गर्दीतोन मुकुंदराव पुढे आले. त्यांनी दौलतरावांसमोर हात जोडिले आणि सर्वांदेखत सांगितले की, "साहेब, पाणमांजराची लबाडी माझी. वहिनींचा त्यात काही संबंध नाही. नोंद मी काढून टाकली आहे." मग ते चपला काढोन तसेच चिखलात उतरले आणि वहिनींपाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांजकडे पाहिले आणि बाजूस सरकोन जागा दिली. थोडा वेळ गेला आणि मुकुंदरावांनी मान वळविली.

"वहिनी, डावीकडं. बारीक आवाज येतोय. पिल्लांचा."

"मला नाही ऐकू येत."

"मला येतोय ना. शिंगाड्याच्या वेलीमागं बघा."

बाईंनी पाहिले, आणि हात वर करोन सर्वांस थांबविले. शिंगाड्याचे पानांवरोन एक पाखरू चालत येत होते. लांबलचक बोटे, काळे शेपूट कोयत्यागत वळलेले, मानेस सोनेरी पट्टा, आणि मागोमाग कापसाचे बोळ्यांसारखी पिल्ले. वर घार फिरत होती. पाखराने घार पाहिली, अंग पानांसरसे केले, पंख किंचित उचलिले, आणि पिल्ले धावत जाऊन त्या पंखांखाली शिरली. मग पाखरू उठले आणि पिल्लांस काखेत घेऊन चालू लागले, आणि पिल्लांचे पाय दोहो बाजूंनी खाली लोंबू लागले.

दौलतराव हळूच म्हणाले, "अरे, पाय किती आहेत याला?"

"फोटो काढा साहेब, आधी फोटो," बाई म्हणाल्या.

दौलतरावांनी फोटो काढिला आणि ॲपाने नाव दिले, कमळपक्षी. मुकुंदराव म्हणाले, "हा बाप आहे साहेब. मादी अंडी घालून जाते. उबवणं, वाढवणं, सगळं हाच करतो." त्र्यंबकशेटांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "जाईल उडून दुसऱ्या तळ्यावर." तेव्हा बाई प्रथमच मोठ्याने बोलिल्या, "बाप जाईल हो, शेट. पिल्लांना उडता येत नाही अजून."

दौलतरावांनी मोबाईल खिशात ठेविला. मग फिरोन पाहिले तो पश्चिम कोपऱ्यात एक डंपर मागला भाग उचलीत होता. त्याजकडे ते स्वतः चालत गेले, आणि तो मुरूम तेथे पडला नाही, त्यानंतरही कधी पडला नाही. पुढील सभेत तळे राखण्याचा ठराव जाहला. त्र्यंबकशेटांनी विरोधात हात वर केला आणि त्यांजसोबत फार थोडे हात वर गेले. पश्चिम कोपरा बुजला तो मात्र बुजलाच.

मग बाईंचा सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला, दौलतराव येऊन बसले, परंतु बाई येईनात. माणूस शोधावयास धाडिला, तो बाई आणि मुकुंदराव तळ्याचे बांधावर ओणवे होते. गवताचे पात्यावर हिरवट कीटक बसला होता, आणि ॲप त्याचे नाव सांगत नव्हते. माणूस म्हणाला, "चला, सगळे खोळंबलेत." बाई मान वर न करिता म्हणाल्या, "खोळंबू देत. भावोजी, मागं सरका, तुमची सावली पडतीय."

तात्पर्य येणेप्रमाणे: तळे आहे, कोपरा गेला. गिरणी पूर्ववत चालू, दळणास रांग लागते. दीर-भावजय दोघे नित्य काठी जातात, तो कान देतो, ती डोळे देते. कीटकाचे नाव हे लिहीपर्यंत लागले नाही. शोध जारी आहे. पाहिले तितके लिहिले. इति.